राज्यशास्त्रात गणिताचे काय काम?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. महिनाअखेर होती आणि आम्ही युनियनच्या कचेरीत वर्गणीची पावतीपुस्तके जुळवीत बसलो होतो. इतक्यात एका जुन्या सभासदाची मुलगी आली. ती विद्यापीठात राज्यशास्त्र घेऊन एम. ए. करीत होती. बसली, चहा घेतला आणि एकदम म्हणाली, "काका, एक विचारू का? कारखान्यात पगारवाढीचा करार झाला म्हणजे तो वर्गणी न देणाऱ्यालाही लागू होतो ना?"

आम्ही म्हटले, "होतो तर. करार सगळ्यांनाच लागू असतो."

"मग वर्गणी लोक देतात तरी का?"

खरे सांगायचे तर आम्हांला राग आला. पंचवीस-तीस वर्षे द्वारसभांतून घसा फोडून जे काम केले, त्याच्या मुळावरच हा प्रश्न येत होता. आम्ही एकजूट, वर्गजाणीव वगैरे शब्द उच्चारले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले व पिशवीतून वही काढली. वहीत राज्यशास्त्राच्या टिपणांऐवजी क्ष, य आणि बरोबरीची चिन्हे होती! ती म्हणाली, "आमच्या पेपरात हे असेच विचारतात. आणि पुस्तकात उदाहरण तुमचेच आहे, युनियनचे."

ह्या वहीपासून आमच्या शिक्षणाला नव्याने प्रारंभ झाला. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे, पुढे आय. टी. आय. मध्ये फिटरचा कोर्स. जे काही वाचन झाले ते रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत आणि नगरवाचनालयात. राज्यशास्त्र म्हणजे घटना, कौटिल्य, ॲरिस्टॉटल, मार्क्स, निवडणुका, अशी आमची समजूत होती. त्यात बीजगणित कोठून आले हे कळेना. मग दर रविवारी ती मुलगी आम्हांला शिकवू लागली आणि आम्ही तिला कारखाना काय असतो ते सांगू लागलो. नववी-दहावीची गणिताची पुस्तके आम्ही वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा उघडली. सुरुवातीला लाज वाटे, पुढे वाटेनाशी झाली.

ह्या विषयात ज्याला 'मॉडेल' अथवा प्रतिमान म्हणतात, ते फिटरला समजावून सांगणे सोपे आहे. सुटा भाग तयार करावयाचा तर आमच्या हाती आधी ड्रॉइंग येते. ड्रॉइंगमध्ये लोखंडाचा रंग नसतो, वास नसतो, वजनही नसते. दोन भोकांमधले अंतर, व्यास आणि कोन एवढेच असते. म्हणून कोणी ड्रॉइंगला खोटे म्हणत नाही. जे हवे तेवढेच ठेवून बाकीचे मुद्दाम गाळलेले असते. प्रतिमानही तसेच. माणसांच्या व्यवहारातल्या दोन-तीन गोष्टी घ्यावयाच्या, त्या स्पष्ट शब्दांत किंवा चिन्हांत मांडावयाच्या, आणि मग त्यांतून काय निष्पन्न होते ते कोणाची भीडमुर्वत न धरता पाहावयाचे. एक फरक मात्र आहे. आमच्या ड्रॉइंगवर प्रत्येक मापापुढे किती सूट चालेल ते लिहिलेले असते. राज्यशास्त्राची प्रतिमाने करणारे विद्वान ही सूट लिहावयास पुष्कळदा विसरतात.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. तो मूळ मँकर ऑल्सन ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा. १९६५ साली सामूहिक कृतीच्या तर्कशास्त्रावर त्याचे एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे म्हणणे आम्ही आमच्या आकड्यांत मांडतो.

समजा, कारखान्यात ५०० कामगार आहेत. सगळे युनियनमध्ये आले तर प्रत्येकाला महिना ६०० रुपये वाढ मिळते, आणि जितके कमी येतील तितक्या प्रमाणात वाढ कमी होते. वर्गणी महिना ५० रुपये. आता एकटा कामगार सभासद झाला तर प्रत्येकाच्या वाढीत किती भर पडते? ६०० भागिले ५००, म्हणजे १ रुपया २० पैसे. म्हणजे ५० रुपये खर्चून त्याच्या स्वतःच्या खिशात येतात सव्वा रुपयालाही थोडे कमीच. पण हेच १ रुपया २० पैसे पाचशे जणांना मिळतात, तेव्हा त्याच्या पन्नास रुपयांनी सर्वांचे मिळून ६०० रुपयांचे हित झालेले असते. सर्वांच्या दृष्टीने सौदा बारापट फायद्याचा आणि प्रत्येकाच्या दृष्टीने तोट्याचा! आयत्या बिळावर नागोबा होणारा मनुष्य ह्यात मूर्ख ठरत नाही की दुष्ट ठरत नाही. तो केवळ हिशेबी ठरतो.

आता कामगार ५०० नसून ५ आहेत असे धरा. एकाच्या येण्याने त्याच्या स्वतःच्या वाढीत १२० रुपयांची भर पडते. तो ५० रुपये आनंदाने देईल. मधला आकडा कोणता? ६०० ला ५० ने भागले की १२ येतात. बारा माणसांपर्यंत हिशेब आणि एकजूट एका दिशेने चालतात. तेराव्या माणसापासून त्यांची वाट वेगळी होते. हे गणित आम्ही प्रथम सोडवले तेव्हा थोडा वेळ गप्पच बसलो. वर्गणी विभागवार, दहा-बारा माणसांमागे एक प्रतिनिधी नेमून गोळा केली तर ती नीट येते, हे आम्हांला अनुभवाने ठाऊक होते; पण का येते ते ठाऊक नव्हते. दहा माणसांत कोणी दिली नाही ते दिसते आणि मोजलेही जाते.

मोठ्या समूहाला ऑल्सन दोनच उपाय सांगतो. एक, सक्ती; दुसरा, जे फक्त सभासदालाच मिळते असे काहीतरी वेगळे देणे. दुसऱ्या उपायाला आमच्याकडे पतपेढी म्हणतात. मुलीच्या लग्नाला कर्ज हवे तर सभासद असावे लागते! सभासदांची यादी पतपेढीच्या यादीशी आम्ही ताडून पाहिली, आणि आमच्या भाषणांविषयी जो काही अभिमान होता तो बराच उतरला. सक्तीबद्दलची एक हकीकत तर मोठी बोधप्रद आहे. १९४७ साली अमेरिकेत टाफ्ट-हार्टले कायदा झाला. कामगारांवर सभासदत्वाची सक्ती करणारा करार युनियनला मालकाशी करावयाचा असेल, तर आधी कामगारांचे गुप्त मतदान घ्यावे, अशी त्यात अट होती. सक्तीला कामगार झिडकारतील असा कायदा करणाऱ्यांचा होरा होता. प्रत्यक्षात पहिल्या चार वर्षांत झालेल्या हजारो मतदानांपैकी शेकडा सत्त्याण्णव ठिकाणी कामगारांनी सक्तीच्या बाजूने कौल दिला, आणि १९५१ साली ती अटच काढून टाकावी लागली. ह्याच कामगारांपैकी बहुतेक जण सभांना फिरकत नसत. सभेला येत नाहीत आणि स्वतःवर सक्ती मात्र मागतात, ह्याचा अर्थ काय? एकट्याने देणे परवडत नाही, पण सगळे देणार असतील तर दिलेले हवे आहे. भाषणाने हे कोडे आम्हांला कधी उकलले नव्हते, ते भागाकाराने उकलले.

तरीही एक गोष्ट उरतेच. आमच्या युनियनमध्ये असे कितीतरी लोक आहेत की ज्यांनी पतपेढीचे कर्ज कधी घेतले नाही, ज्यांच्यावर सक्ती नाही, आणि ज्यांनी एकही महिना वर्गणी चुकवलेली नाही. त्यांचे काय? हाच पेच मतदानातही आहे. अँथनी डाउन्सने १९५७ साली दाखवले की लाखो मतांत आपल्या एका मताने निकाल फिरण्याचा संभव इतका अल्प असतो, की मतदान केंद्रापर्यंत चालत जाण्याचे श्रमही त्यातून भरून निघत नाहीत. तरी लोक रांगा लावतात. १९६८ साली रायकर आणि ऑर्डशुक ह्या दोघांनी ह्या समीकरणाला आणखी एक पद जोडले: कर्तव्य केल्याचे समाधान. टीकाकार लगेच म्हणाले, की जे समजत नाही त्याला एक अक्षर दिले म्हणजे ते समजले असे होत नाही. १९९४ साली येल विद्यापीठातील ग्रीन आणि शापिरो ह्यांनी ह्या सर्व पंथावर टीका करणारे अख्खे पुस्तकच लिहिले. आमचे मत विचाराल तर टीका बरोबर आहे, पण प्रतिमान केले नसते तर ते पद कोठे कमी पडते हेही कळले नसते. चुकीचे ड्रॉइंग असले तरी चूक कोणत्या मापात आहे ते बोट ठेवून दाखवता येते; भाषणात ती सोय नाही.

विद्यापीठात हा विषय आला कसा, ते थोडक्यात सांगतो. १९६२ पासून विल्यम रायकर ह्या प्राध्यापकाने अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात राज्यशास्त्राचा विभाग ह्याच पायावर उभा केला आणि तेथून हे लोण इतरत्र पसरले. पण मुळे फार जुनी आहेत. फ्रान्समध्ये काँदोर्से नावाचा गणिती होऊन गेला. राज्यक्रांतीत तो पडला आणि १७९४ साली तुरुंगात मेला. त्याआधी १७८५ साली बहुमताविषयी त्याने जे लिहून ठेवले ते आम्ही आमच्या कार्यकारिणीच्या उदाहरणाने सांगतो.

तीन विभाग धरा: फाउंड्री, मशीन शॉप आणि पॅकिंग. मागण्याही तीन: बोनस, कायम नोकरी आणि कामावर येण्या-जाण्याची बस. फाउंड्रीला आधी बोनस हवा, मग कायम नोकरी, मग बस. मशीन शॉपला आधी कायम नोकरी, मग बस, मग बोनस. पॅकिंगला आधी बस, मग बोनस, मग कायम नोकरी. प्रत्येक विभागाला एक मत. बोनस आणि कायम नोकरी ह्यांत मत घ्या: फाउंड्री आणि पॅकिंग बोनसच्या बाजूने, बोनस जिंकतो. कायम नोकरी आणि बस ह्यांत घ्या: फाउंड्री आणि मशीन शॉप एक होतात, कायम नोकरी जिंकते. मग बोनसने बसला सहज हरवावे ना? पण मशीन शॉप आणि पॅकिंग दोघांनाही बोनसपेक्षा बस प्रिय आहे; बस जिंकते! बोनस नोकरीवर, नोकरी बसवर आणि बस बोनसवर, असा हा रहाटगाडगा. प्रत्येक विभागाचे डोके ठिकाणावर आहे, पण बहुमताला डोके नाही.

ह्यातून निघणारी गोष्ट व्यवहारी आहे. जी मागणी अखेरीस मतास टाकली जाते ती जिंकते. आधी बोनस आणि नोकरी लढवा, बोनस उरतो आणि शेवटी आलेली बस त्याला पाडते. आधी नोकरी आणि बस लढवा, शेवटी येणारा बोनस जिंकतो. श्रोत्यांपैकी कोणी संस्थांचे अध्यक्ष असतील त्यांना हे ठाऊक असेलच. आम्हीही सभेची कार्यक्रमपत्रिका वर्षानुवर्षे तयार केली आहे, आणि आमच्या आवडीचा ठराव शेवटी कसा यायचा हा योगायोग नव्हता, हे येथे कबूल करून टाकतो. पुढे १९५१ साली केनेथ ॲरोने सिद्ध केले की तीन किंवा अधिक पर्याय असतील तर काही साध्या व न्याय्य वाटणाऱ्या अटी सर्वच्या सर्व पाळणारी अशी मत मोजण्याची एकही रीत नाही.

मतांचे वजन म्हणजे सत्ता नव्हे, हेही असेच एका बेरजेने दिसते. १९५८ साली युरोपातील सहा देशांचा आर्थिक संघ स्थापन झाला. त्याच्या मंत्रिमंडळात जर्मनी, फ्रान्स, इटली ह्यांना प्रत्येकी ४ मते, बेल्जियम व नेदरलँड्सला प्रत्येकी २ आणि लक्झेंबर्गला १, अशी १७ मते होती. ठराव मंजूर होण्यास १२ लागत. लक्झेंबर्ग सोडून सर्वांची मते सम. त्यांची बेरीज ११ कधीच होऊ शकत नाही, तेव्हा लक्झेंबर्गच्या एका मतावाचून ठराव अडला आहे असे अशा मोजणीत घडणेच शक्य नव्हते. १९७३ साली नवे देश येऊन आकडे बदलेपर्यंत लक्झेंबर्गचा मंत्री हात वर करीत असे खरा, पण ह्या मोजणीत त्या हाताचे मोल शून्य होते. आमच्या संयुक्त कृती समितीत हा हिशेब आम्ही करून पाहिला. निकाल येथे सांगत नाही, भांडणे होतील.

गणिताला भिऊन ह्या विषयापासून पळणारी मुले पुष्कळ आहेत असे ऐकतो. त्यांनी एलिनॉर ऑस्ट्रम ह्या बाईंचे नाव लक्षात ठेवावे. मुलीला त्रिकोणमिती कशाला, म्हणून शाळेत त्यांना ती शिकू दिली नाही. पुढे गणित कच्चे म्हणून अर्थशास्त्राच्या डॉक्टरेटची वाट बंद झाली. त्या राज्यशास्त्राकडे वळल्या. ऑल्सनचा हिशेब बरोबर असेल तर सामाईक कुरणे आणि पाट केव्हाच उजाड व्हावयास हवे होते. पण स्वित्झर्लंडच्या डोंगरांत आणि स्पेनमधील वॅलेन्सियाच्या पाटांवर लोकांनी ते शतकानुशतके कसे सांभाळले हे त्यांनी १९९० च्या पुस्तकात दाखवले, आणि त्यासाठी गणिती प्रतिमानेही वापरली. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेली पहिली स्त्री ती हीच.

आता ज्या प्रतिमानाने आम्हांला झोप लागू दिली नाही, त्याकडे येतो.

१९९९ साली आम्ही एका कारखान्यात संप केला. कारखान्याचे नाव येथे नको. पावणेदोनशे कामगार होते. दोन दिवस संप कडकडीत चालला. तिसऱ्या दिवशी पहाटे एक कामगार फाटकातून आत गेला, त्याच्या मागून आणखी एक, आणि दुपारपर्यंत निम्म्याहून अधिक आत होते. संप फुटला. नऊ जणांच्या नोकऱ्या गेल्या. आम्ही त्या पहिल्या माणसाचे नाव 'फितूर' म्हणून फाटकासमोरच्या फळ्यावर खडूने लिहिले. त्याच्याशी बोलणे टाकले, त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही. त्याच वर्षी शेजारच्या कारखान्यातला संप टिकला होता. तेथले कामगार वाघ आणि आमचे शेळ्या, असे आम्ही अनेक सभांतून बोललो.

मार्क ग्रॅनोव्हेटर हा समाजशास्त्रज्ञ. १९७८ साली त्याने एक साधे प्रतिमान मांडले, ते राज्यशास्त्राच्या पोरांना आता शिकवतात. प्रत्येक माणसाचा एक उंबरठा असतो, असे तो म्हणतो. किती माणसे आधी गेली म्हणजे हा जाईल, तो आकडा म्हणजे त्याचा उंबरठा. शंभर माणसांचा जमाव घ्या. एकाचा उंबरठा ०, दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा २, असे करीत शेवटच्याचा ९९. शून्यवाला कोणाची वाट न पाहता निघतो. त्याला पाहून एकवाला निघतो, दोघांना पाहून दोनवाला, आणि अखेर शंभरच्या शंभर निघतात. आता ह्या जमावात एकच बदल करा. ज्याचा उंबरठा १ होता त्याचा २ करा. बाकी नव्व्याण्णव जण जसेच्या तसे. काय होते? शून्यवाला निघतो. पुढचा निघावयास दोन माणसे लागतात, आणि निघालेला आहे एकच. सगळे जागच्या जागी थांबतात.

दोन जमाव, शंभरांपैकी नव्व्याण्णव माणसे तंतोतंत सारखी. एका ठिकाणी सगळे फुटले, दुसऱ्या ठिकाणी एकटाच फुटला. वर्तमानपत्रे एकाला भ्याडांचा जमाव म्हणतील, दुसऱ्याला शूरांचा. ही वही आम्ही रात्री दोनदा सोडवली. शेजारचे वाघ आणि आमच्या शेळ्या ह्यांत कदाचित एकाच माणसाचा फरक असेल! आणि तो माणूस पहिला नव्हेच. पहिला तर दोन्हीकडे आहे. तो दुसरा. त्याचे नाव आम्ही फळ्यावर लिहिले नव्हते. आज ते आठवतही नाही.

गेल्या वर्षी आम्ही त्या पहिल्या माणसाच्या घरी गेलो. निवृत्त झाला आहे. मधुमेहाने एक डोळा अधू झाला आहे. त्याने आत बोलावले. बायकोने पाणी आणले. फार वेळ कोणी बोलले नाही. शेवटी आम्ही वही काढली आणि त्याला उंबरठ्याचे प्रतिमान सांगितले. म्हटले, तुझा उंबरठा शून्य होता, तू कोणाचीच वाट पाहिली नाहीस. कारण काय होते?

तो म्हणाला, "दादा, मी पहिला नव्हतो."

आम्ही म्हटले, पहिला तूच होतास, सगळ्यांनी पाहिले.

"बाहेरून तुम्ही पाहिलेत. मी पहाटे मागच्या भिंतीकडून आलो. आत दिवे लागले होते, प्रेस चालल्याचा आवाज येत होता. चार-पाच प्रेस तरी असतील. मला वाटले पंचवीस-तीस जण रात्रीच आत गेले. आता आपणच बाहेर राहिलो. आत जाऊन पाहतो तो सुपरवायझर प्रेस चालवीत बसलेले, आणि प्रेसवर माल नाही."

पावतीपुस्तके आमच्या पिशवीतच होती. जुन्या वहीत पाहिले. १९९९ च्या त्या महिन्याची त्याची वर्गणी जमा होती.

रविवारी हे सगळे त्या मुलीला सांगितले. ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काका, म्हणजे ह्यात एक रकाना कमी आहे. किती गेले हा एक आकडा, आणि किती गेले असे त्याला वाटले हा दुसरा. माणूस दुसऱ्या आकड्यावर पाऊल उचलतो." तिने कागदावर दोन रकाने आखले आणि शंभर माणसांची यादी पुन्हा मांडावयास घेतली. शून्यवाला एकही नाही, सर्वांत लहान उंबरठा पंचवीसचा, आणि बाहेरून कोणीतरी तीसचा खोटा आकडा ऐकवतो, असे धरून. पाच ओळींतच यादी कोसळू लागली.

अलीकडे संपाच्या दिवसांत आम्ही फाटकासमोर फळा ठेवतो तो नावांसाठी नसतो. त्यावर विभागवार बाहेर किती आणि आत किती ते दर दोन तासांनी लिहितो, आणि मागच्या भिंतीकडेही एक माणूस तसाच फळा घेऊन उभा असतो. खोटा आकडा किती मोठा असला म्हणजे खरा फळा कमी पडतो, हे त्या मुलीला समीकरणाने काढावयाचे आहे. त्याला संभाव्यतेचे गणित लागते म्हणे. ते आम्हांला अजून येत नाही. पुढच्या रविवारी तिने तास ठेवला आहे.